बारदाना वजा न करता

विषय : गोदामातील जुना वजनकाटा आणि श्रीमती मंजुषा उमाटे, एसटी वाहक, यांचे घटते वजन यांबाबत.

संदर्भ : १) गोदामाच्या दारामागे खडूने लिहिलेले आकडे. २) निवेदकाची स्मरणशक्ती. तिच्यावर कोणत्याही कार्यालयाचा शिक्का नाही.

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे सादर करण्यात येते की, मी वजनकाटा बोलतोय. पुलगावच्या बसस्टँडमागे प्रभाकररावांचं धान्याचं दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या गोदामात, खिडकीखाली, मी उभा असतो. ओतीव लोखंडाचा आहे. खाली चार चाकं, त्यांवर पाटा, मागे खांब आणि खांबावर आडवी दांडी. दांडीवर एक सरकतं वजन आहे. ते पुढे-मागे सरकवायचं. दांडी हवेत स्थिर झाली की तिथला आकडा खरा. तीनशे किलोपर्यंत झेपतं. शंभर ग्रॅमपर्यंत कळतं. माणसांतल्या फार थोड्यांना या दोन्ही गोष्टी जमतात.

मला आणलं प्रभाकररावांच्या वडिलांनी, नत्थूजींनी. चाळीस वर्षं मी तूर, हरभरा, सोयाबीन तोललं. या काळात माझ्यासमोर दोनच प्रकारची माणसं उभी राहिली. विकणाऱ्याला आकडा जास्त हवा असायचा आणि घेणाऱ्याला कमी. खरा आकडा हवा असलेला माणूस मी पाहिला नव्हता. मीही वाट पाहणं सोडून दिलं होतं.

पुढे दुकानात लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मला गोदामात ढकललं. निरोप समारंभ झाला नाही. माझ्याबरोबर तानबाही मागे आला. तानबा म्हणजे आमचा मापारी, माल मोजणारा. त्याची नजर अधू झाली होती, म्हणून त्याला पोती मोजून रचायचं काम दिलं. आम्ही दोघं एकमेकांना जुने म्हणत नसू.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी, दुकान उघडायच्या आधी, एक बाई गोदामाच्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खाकी ड्रेस, वय बेचाळीस-त्रेचाळीस. चालून आल्यामुळे धापा टाकत होत्या.

"तानबाजी, आत कोणी आहे काय?"

"कोणी नाई जी. मी हाव अन् हा काटा हाये."

"मंग ठीक आहे. मले तोला."

त्या मंजुषाबाई. राहणार नाचणगाव. आर्वीच्या गाडीवर वाहक होत्या. गाडीत पुढून मागे जाताना दोन सीटांमध्ये त्यांची वाट अडायची. एकदा मागून कोणी तरी ओरडला, "कंडक्टरबाईचंच दोन सीटचं तिकीट फाडा!" सगळी गाडी हसली. त्याही हसल्या आणि तिकिटं फाडत राहिल्या. पुढे गुडघ्यांनी उभं राहायला नकार दिला. त्यांनी स्वतःच अर्ज करून चौकशीच्या खिडकीवर काम मागून घेतलं. तेव्हापासून बसस्टँडच्या भोंग्यावर त्या गाड्या पुकारतात. माझ्या खिडकीतून मी तो आवाज कितीतरी दिवस ऐकत होतो. इतक्या हलक्या आवाजाचं शरीर एवढं जड असेल, असं मला वाटलं नव्हतं.

आता पुढच्या आठवड्यात नागपूरला पोट लहान करायचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर आठवड्याला वजन करा. काटा तोच, वार तोच, वेळ तीच. घरचा काचेचा काटा एकशे तीसच्या वर गेला की आकडा दाखवणं बंद करून इंग्रजी अक्षरं दाखवायचा. पुढे दुकानातला काटा होता, पण त्याचा लाल आकडा रस्त्यावरून दिसतो. म्हणून मी.

त्यांनी एक हात तानबाच्या खांद्यावर ठेवला, दुसरा दाराच्या चौकटीवर, आणि पाट्यावर चढल्या. तानबाने डोळे बारीक करून दांडी पाहिली आणि चाळीस वर्षांच्या सवयीने बोलून गेला :

"एकशे अडतीस. बारदाना एक वजा. एकशे सदतीस."

बारदाना म्हणजे पोतं. मालाच्या वजनातून पोत्याचं वजन कापायचा बाजाराचा नियम आहे. पोतं आठशे ग्रॅमचं का असेना, कापायचा पूर्ण किलो. तानबाने जीभ चावली. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की माझी दांडी खडखडली.

"माह्या खाकीले बारदाना म्हणता काय जी?"

"चुकी झाली, ताई. रंग तं तोच हाये ना."

"राहू द्या. एक किलो कापला कोणी माह्यावाला? तुमीच पयले."

तानबाने दारामागे खडूने लिहिलं : १३७. रीत पडली.

ऑपरेशननंतर त्या आल्या तेव्हा हातात लहानशी बाटली होती. दर थोड्या वेळाने झाकणभर पाणी प्यायच्या. त्या सांगायच्या ते ऐकून मी थक्क व्हायचो. पहिले पंधरा दिवस वरणाचं पाणी, तेही अर्धी वाटी, अर्ध्या तासात. पुढे दोन चमचे मऊ भात. माझ्या पाट्यावरून ट्रकच्या ट्रक धान्य गेलं आहे. एवढा मोठा माणूस अर्ध्या वाटीवर चालतो, बोलतो, वर गाड्या पुकारतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात पुलगावचं ऊन कसं असतं ते माझ्या लोखंडाला विचारा. त्या उन्हातही त्यांना गटागट पाणी पिता येत नव्हतं. जीव कासावीस होत असताना घोट तोंडात धरून ठेवायच्या, हळूहळू आत सोडायच्या. तहान लागलेली असताना असं कोणी करू शकतं?

आकडे खाली येत गेले. फेब्रुवारीत एकशे सव्वीस, एप्रिलअखेर एकशे सोळा. चाळीस वर्षांत माझ्यावर जे जे कमी भरलं, त्यावरून भांडणच झालं होतं. हा पहिलाच माल, जो कमी भरला की तानबा टाळी वाजवायचा.

मे महिन्याच्या मध्याला दांडी एकशे तेरावर थांबली.  पुढच्या गुरुवारी बाईंबरोबर त्यांच्या सासूबाई आनंदाबाई आल्या होत्या. सुनेचं अर्ध्या वाटीचं जेवण त्यांना पहिल्या दिवसापासून मान्य नव्हतं. त्या पोत्यावर बसल्या आणि दांडीकडे बघू लागल्या.

"कितीक झालं वो?"

"एकशे तेराच हाये, माय," तानबा म्हणाला.

"पाह्यलं? मी पयलेच सांगतलं होतं. हिच्या माहेरचं हाडच मोठं हाये. पाखरू बी हिच्यापेक्षा जास्त खाते, अन् वजन हाये तिथंच. थांबलं म्हंजे आता वाढीन."

"आई, हाड काय शंभर किलोचं असते?" बाई म्हणाल्या. पण नेहमीसारख्या हसल्या नाहीत. खाली उतरताना त्यांनी माझ्या दांडीकडे असं पाहिलं, जसं खोटं बोलणाऱ्या माणसाकडे पाहतात. मला ते लागलं. मी काय करणार? एकशे तेरा म्हणजे एकशे तेरा.

तानबाला काही तरी करता येत होतं, आणि ते त्याने केलं. त्या दिवशी बाई वळल्यावर त्याने खडू उचलला आणि दीड किलो बारदाना कापला. पुढच्या गुरुवारी दोन. बाई चढायच्या, तानबा दांडी बघायचा, मोठ्याने सांगायचा, "अर्धा किलो उतरलं, ताई!" बाई त्याच्या तोंडाकडे बघायच्या, दांडीकडे नाही. मी जन्मभर खोटं बोलणारी माणसं पाहिली, पण दुसऱ्याच्या आनंदासाठी माप मारणारा हा पहिलाच. दांडी एकशे तेरावर आणि दारावरचा खडू उतरत उतरत एकशे नऊवर. त्या महिन्यात आणखी एक गोष्ट घडत होती. ती माझ्या पाट्याला कळत होती, पण माझ्या दांडीवर तिला आकडा नव्हता.

जुलैत नागपूरला सहा महिन्यांची तपासणी झाली. तिथल्या काट्याने एकशे तेरा दाखवलं. खाकीच्या एका किलोचा फरक बाईंना माहीत होता. चारचा नव्हता.

त्यानंतर तीन गुरुवार त्या आल्या नाहीत. भोंग्यावर आवाज येत होता, म्हणून आहेत एवढं कळायचं. पण गाड्यांची नावं त्या अशी घेत होत्या, जशी कोणी दुसऱ्याची चिठ्ठी वाचून दाखवतं.

चौथ्या गुरुवारी आल्या त्या ओलं फडकं घेऊन.

"तानबाजी, हे दार पुसून टाका."

"काऊन जी? काय झालं?"

"दवाखान्यात एकशे तेरा भरली मी. इथं एकशे नऊ होती. खाकीचा एक सोडला तरी अर्ध्या वाटीवर राहून माणूस तीन किलो वाढते काय? वाढलं ना माह्यं! आई म्हणते थेच खरं. परवा रागानं आलूबोंडा खाल्ला. तोही अर्धाच गेला अन् तोही परत आला. ना धड खाता येत, ना उतरता येत. राहू द्या. लोकायले माह्या आवाजच पुरते. मी खिडकीतच बरी."

तानबाने फडकं घेतलं नाही. पोत्यावर बसला. मग मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. सहा गुरुवार, दर वेळी अर्धा किलो.

बाईंनी दारावरचे आकडे वरून खाली वाचले. मग म्हणाल्या, "तुमी मले पोतं समजले काय जी? मनानं बारदाना कापाले?"

"तुमाले पोतं कसा समजीन, ताई? पोत्यासाठी मी कधी खोटं बोललो नाई."

"मंग वजन सात हप्ते तिथंच होतं?"

"काट्यावर तिथंच होतं."

"म्हंजे उतरलीच नाई मी."

"आता काट्याले काऊन विचारता? माह्या खांद्याले विचारा." तानबाने सदऱ्यावरून खांद्यावर हात फिरवला. "पयले चढताना तुमी इथं हात ठेवत होत्या. असा ठेवत होत्या का घरी जाऊन मले तेल लावा लागे. जून महिन्यापासून थो हात आलाच नाई. खांदा मोकळा हाये. चौकटीले बी हात लावत नाई तुमी. तुमाले तरी मालूम हाये काय?"

त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या दांडीवर आकडा नसलेली गोष्ट ती हीच : आधी दोन पाय जड आदळायचे, मग एक पाय, मग दुसरा, आणि जूनपासून त्या पायरी चढल्यासारख्या सहज चढत होत्या. सात आठवडे मी एकशे तेराच दाखवत होतो आणि त्याच सात आठवड्यांत हे शरीर माझ्या डोळ्यांदेखत दुसरं होत होतं. मी स्वतःला शंभर ग्रॅमपर्यंत अचूक समजत आलो होतो. त्या दिवशी मला माझी पायरी कळली.

बाईंनी फडकं खाली ठेवलं. कोणाचाही हात न धरता पाट्यावर चढल्या. या वेळी तोंड दांडीकडे. तानबाने सरकतं वजन मागे घेतलं. थोडं आणखी. दांडी स्थिर झाली.

"एकशे बारा, तीनशे ग्रॅम," तानबा हळूच म्हणाला. "बारदाना..."

"काही कापायचं नाई. खाकीसकट मीच हाव ना जी? आहे तितलंच लिवा. अन् थे खोटे आकडे पुसा. तिथं खरे लिवा."

"सात वेळा एकशे तेरा?"

"सात वेळा."

दारामागे आजही ते सात आकडे एकाखाली एक आहेत. एकशे तेरा, एकशे तेरा, एकशे तेरा. वर-खाली कितीही मोठी घट असो, मला सगळ्यात मोठे तेच वाटतात. उतरत्या आकड्यासाठी कोणीही येईल. न हलणाऱ्या आकड्यासाठी ही बाई सात वेळा आली, अर्धी वाटी खाऊन आली. तेव्हा ती खडूवर विश्वासून आली होती, हे खरं. पण खडू पुसल्यावरही ती येत राहिली. तिथे मात्र कोणी तिला फसवलेलं नव्हतं.

पुढे आकडे पुन्हा उतरले, कधी दोनशे ग्रॅम, कधी काहीच नाही. दिवाळीत आनंदाबाईंनी अर्धा अनारसा ताटात वाढला आणि उरलेला अर्धा स्वतःहून उचलून घेतला. बाईंनी हे इथे सांगितलं तेव्हा तानबाने आनंदाबाईंच्या नावाने खडूने दाराला एक टिंब दिलं.

मधल्या काळात प्रभाकरराव भंगारवाल्याला घेऊन आले होते. त्याने मला चारी बाजूंनी पाहिलं. तानबा म्हणाला, "शेटजी, नव्वदच्या आत येऊ द्या, मंग न्या." प्रभाकररावांनी विचारलं, "कोण नव्वदच्या आत?" तानबाने दार लावून आकडे दाखवले. प्रभाकररावांनी चष्मा चढवून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. माझ्यासाठी कोणी चहा पाजल्याची ही पहिलीच नोंद.

नव्वदचं कारण असं : गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नव्वदच्या आत या, गाडीवर उभं राहायला हरकत नसल्याचं पत्र देतो. या वर्षी मार्चच्या पहिल्या गुरुवारी बाई पुन्हा गाडीवर जाण्यासाठी डेपोत द्यायचा अर्ज घेऊन आल्या. सगळं लिहून तयार होतं. फक्त 'सध्याचे वजन' पुढे जागा कोरी. चढल्या.

"नव्वद, चारशे ग्रॅम," तानबा म्हणाला. दांडीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि त्याला राहवलं नाही. "ताई, खाकी काढली मोजण्यातून तं एकोणनव्वदच होते. बारदाना बाजाराच्या नियमात बसते. लिवून टाका. कोण पाह्यते?"

बाईंनी कागद माझ्या खांबाला टेकवला आणि लिहिलं : ९०.४ किलो, गणवेशासह. खाली आणखी एक ओळ : वैद्यकीय पत्र वजन नव्वदच्या आत आल्यावर सादर करण्यात येईल.

"इतली घाई नाई मले," त्या म्हणाल्या. "आर्वीची गाडी कुठं पळून नाई राह्यली."

खरा आकडा हवा असलेला माणूस मी असा पाहिला. चाळीस वर्षं आणि वर एक.

त्यानंतर चार गुरुवार झाले. नव्वद चारशे, नव्वद चारशे, नव्वद सहाशे आणि आज पुन्हा नव्वद चारशे. तानबाने आहे तसं लिहिलं. बाई झाकणभर पाणी प्यायल्या, 'येतो जी' म्हणाल्या आणि स्टँडकडे गेल्या. आता भोंग्यावर त्या आर्वीची गाडी पुकारत आहेत.

माझी विनंती एवढीच की गोदाम रंगवताना दाराची मागची बाजू वगळावी.

श्रीमती उमाटे यांचा अर्ज डेपोत दाखल आहे. वैद्यकीय पत्र जोडलेले नाही. अर्ज प्रलंबित आहे.