तारेतला स्टार्ट

मी एक जुने इंग्रजी क्रियापद आहे, मित्रांनो. माझे नाव स्टार्ट. लहानपणी माझा अर्थ होता दचकणे, झटकन उडी मारणे. पुढे लोक मला प्रवासाला निघताना वापरू लागले, मग कुठलेही काम सुरू करताना. वर्ध्याच्या मोटार स्टँडवर क्लीनर हँडल मारी आणि ड्रायव्हर आनंदाने माझे नाव घेई. काय मान होता माझा!

पण तारेत शिरलो आणि माझे ग्रह फिरले. माणूस गेला तरी तारेत तसे कोणी लिहीत नसे. 'सीरियस, स्टार्ट' एवढेच. हळूहळू मी दिसलो की गावोगाव बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या.

१९५७ साली वर्ध्याजवळच्या आंजी गावात जिजाबाईंच्या नावाने तार आली. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रेमदास नागपूरच्या गिरणीत होता. बाई कापूस वेचायला गेलेल्या, म्हणून पोस्टमनने तार दुकानदार बंडूजींना दिली. इंग्रजी त्यांनाच येई. "प्रेमदास सीरियस. स्टार्ट." वाचले आणि ते घरात गेले.

"गेलं वं पोरगं," ते बायकोला म्हणाले.

"आत्ताच नका सांगू तिले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "उपाशी असन. दोन घास खाऊ द्या. आता घाई कायची?"

अहो, मी फक्त 'निघा' म्हणालो होतो! पण माझे ऐकतो कोण?

जिजाबाई शेतातून आल्या. सुलोचनाबाईंनी त्यांना ओसरीवर बसवून भाकर वाढली. तेवढ्यात वर्ध्याला जाणारी दुपारची मोटार भोंगा वाजवत निघून गेली.

"काऊन अशी पाहून राह्यली माह्याकडं?"

"काही नाई वं. जेव तू."

जेवण झाल्यावर बंडूजींनी तार वाचून दाखवली. जिजाबाई रडल्या नाहीत.

"मोटार गेली न?" त्यांनी विचारले. "मंग मी पायी जातो."

वर्ध्यापर्यंत त्या चालत गेल्या. तिथून रेल्वेने सकाळी नागपूरला पोचल्या, तेव्हा प्रेमदासच्या दारात माणसे जमली होती. शेजारच्या विमलाबाईंनी त्यांना धरले.

"काल दिवेलागणीपर्यंत शुद्धीवर होता, बाई. दाराकडंच पाहे. 'माय निघाली असन न?' असं घडीघडी इचारे."

मित्रांनो, आंजीत तेव्हापासून लोक मला शिव्या घालतात. घालोत बापडे. पण एवढी विनवणी ऐका. कुणाच्या तारेत मी दिसलो, तर त्याचे जेवण राहू द्या, तुमचे रडणेही राहू द्या. तार त्याच्या हाती द्या आणि धावत जाऊन मोटार थांबवा.