चारशे सतरा नंबरची बॅच

सुमैरा कवठे महांकाळहून साताऱ्याला नोकरीला आली तेव्हा तिला कुणी खोली देईना. नाव ऐकलं की घरमालकिणींना एकदम गावाकडचे पाहुणे येणार असल्याचं आठवायचं. शेवटी कंपनीतल्या विजयमाला मॅडमनीच तिला दीड महिना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि मग ओळखीच्या एकाला दम देऊन सदर बझारात खोली मिळवून दिली. मॅडम म्हणजे सलाइनच्या कारखान्यातल्या तपासणी विभागाच्या प्रमुख. सुमैरा त्यांच्या हाताखाली.

काम मॅडमनीच शिकवलं. बाटली तापवली की जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचं विष मागं उरतं. ते रक्तात गेलं की माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो. डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक बॅचमधलं थोडं सलाइन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि तीन तास त्यांचा ताप मोजत बसायचं. "ससा खोटं बोलत नाही," मॅडम म्हणायच्या. "आपणही बोलायचं नाही."

सात वर्षं सुमैरानं हे वाक्य जपलं.

मार्च महिन्यात चारशे सतरा नंबरची बॅच आली. पहिल्या तिन्ही सशांचा ताप चढला. नियमाप्रमाणे आणखी पाच घेतले, त्यांचंही तेच. ससे सांभाळणारे हरिबा पलटणीतून निवृत्त झालेले. तिथं त्यांनी जन्मभर घोडी आणि खेचरं सांभाळली होती. एका सशाचा कान बोटांत धरून ते म्हणाले, "बाई, हात लावून बगा. निखारा हाय नुसता."

सुमैरानं कागदावर 'नापास' लिहिलं आणि सही केली. मॅडमनी पाठ थोपटली. "शाब्बास. एक बाटली गोदामातनं हलणार नाही."

चार दिवसांनी मॅडम कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. "तपासणीच्या कागदाचा नमुना बदललाय. मागचं सगळं नव्या कागदांवर उतरवायचंय. तू खाली सह्या करून ठेव, आकडे मी भरते. तुझ्या अम्मीला बरं नाही ना? जा दोन दिवस घरी."

सुमैरानं चौदा सह्या केल्या. ज्या बाईनं आपल्याला घरात घेतलं, तिला 'सह्या कशाला हव्यात' असं विचारणं तिच्या जिवावर आलं.

मे महिन्यात कवठे महांकाळच्या एका दवाखान्यातून फोन आला. सलाइन लावलेल्या अकरा पेशंटना एकापाठोपाठ थंडी वाजून ताप आला होता. मॅडमनी सुमैराला बोलावून घेतलं.

"उन्हात राहिल्या असतील बाटल्या, दुसरं काही नाही. तू तिथलीच आहेस, तुझं ऐकतील. गोड बोलून उरलेला माल परत घेऊन ये."

कंपनीच्या गाडीनं ती दुपारी पोचली. दवाखान्यात साक्षी नावाची नर्स होती, सुमैराच्याच गल्लीतली. तिनं आधी वॉर्डात नेलं. कोपऱ्यातल्या खाटेवर साळूबाई नावाची साठीची बाई दोन घोंगड्या पांघरून पडली होती. जुलाब झाले म्हणून आली होती. सलाइन लावल्यावर अर्ध्या तासात खाट हलायला लागली, इतकी ती कापत होती, असं साक्षीनं सांगितलं.

"ही सुमैराताई," साक्षी म्हणाली. "साताऱ्यात औषधं तपासत्यात."

साळूबाईनं मान वळवली. "तू तपासतीस व्हय? मग ही कशी गं सुटली तुज्या हातनं?"

सुमैरा मालाची खोकी बघायला बाहेर आली. खोक्यावर छापलेला नंबर चारशे सतरा होता. तिला वाटलं, वाचण्यात चूक होतेय. मग साक्षीनं मालासोबत आलेला तपासणीचा कागद पुढं केला. सशांची तापवाढ नगण्य, बॅच पास. आकडे विजयमाला मॅडमच्या रेखीव अक्षरातले. खाली सही सुमैराची. बनावट नाही, तिनं स्वतःच्या हातानं केलेली.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते तिला त्या व्हरांड्यात उभं राहून कळलं. आणि गळा कापणाऱ्या बाईनंच पुरावा नाहीसा करायला आपल्याला पाठवलंय, हे तिच्या लक्षात आलं. ती तिथल्याच बाकड्यावर बसली.

थोड्या वेळानं ती उठली. "साक्षी, ही खोकी कुलपात ठेव. कंपनीचं कुणीही आलं तरी देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस. डॉक्टरांना सांग, औषध निरीक्षकांना आत्ताच्या आत्ता कळवा."

रिकामी गाडी घेऊन ती साताऱ्याला परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

"ती बॅच मी नापास केली होती."

"ठाऊक आहे." मॅडमनी चष्मा काढला. "वरून दबाव होता, सुमैरा. मोठी ऑर्डर अडकली होती. थंडी वाजते, ताप येतो, उतरतो. मरत नाही कुणी."

"मग सही तुमची का नाही केलीत?"

मॅडम चष्मा पुसू लागल्या. "माझ्या पोरीचं, सृष्टीचं, बारावीचं वर्ष आहे. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. तुला काय, तू कुठंही लागशील."

रागावल्या असत्या, नाकबूल केलं असतं, तर सुमैराला सोसलं असतं. पण मॅडमनी हिशेब आधीच करून ठेवला होता आणि त्यात सुमैरा फुकट गेली तरी चालणार होतं.

मूळ कागद फाइलीतून नाहीसा झाला होता. ती सशांच्या खोलीत जाऊन बसली. हरिबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फळीवरची वही काढली. ताप आलेल्या सशाला पुन्हा सुई लावण्याआधी विश्रांती द्यावी लागते. कुठल्या बॅचनं कुठला ससा तापला, केव्हापासून विश्रांतीला ठेवला, ते सगळं त्यात तारखेनिशी होतं. चारशे सतरापुढं आठ सशांचे आकडे.

"कागूद फाडत्यात, पर माज्या वहीकडं कोण बगतंय?" हरिबा चपला घालत म्हणाले. "चला, मी येतो संगं."

कचेरीत औषध निरीक्षकांनी वही चाळली, मग सुमैराकडं बघितलं. "कोऱ्या कागदावर सह्या केल्या, हे जबाबात लिहिलंत तर तुम्हीही अडकाल."

"लिहिते," ती म्हणाली.

चौकशीला मॅडम समोरच्या खुर्चीत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी हिला मुलीसारखं वागवलं. माझ्या माघारी हिनं काय केलं, मला कसं कळणार?" बोलताना त्यांनी सुमैराकडं एकदाही बघितलं नाही. खोटेपणाला सुमैरा तयार होती. 'मुलीसारखं' या शब्दाला मात्र तयार नव्हती. तिला रडू फुटलं आणि सगळ्यांसमोर ते आवरेना.

अक्षर आणि वही यांनी खरं काय ते ठरवलं. बाटल्या नष्ट झाल्या, कारखान्याला टाळं लागलं, मालकावर आणि मॅडमवर खटला उभा राहिला. आरोपींच्या यादीत सुमैराचंही नाव आलं, तिसरं. नोकरी गेली. हरिबा गावी निघून गेले.

दिवाळीच्या आधी ती साळूबाईच्या घरी गेली. म्हातारी अंगणात ज्वारी पाखडत होती, अजून काठीच्या आधारानं उठत होती. सुमैरानं सगळं सांगितलं, सह्यांसकट.

साळूबाईनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे त्या बाईनं तुला फशिवलं."

"हो."

"आन तू आमास्नी."

सुमैरानं मान खाली घातली. "हो," ती म्हणाली.

म्हातारी काठी टेकत उठली आणि चहा ठेवायला आत गेली. सुमैरा उन्हात तशीच बसून राहिली.