माजी मंत्र्यांचे थर

सांस्कृतिक मंत्रालयात मंत्री बदलला की धोरण बदलतं की नाही, हे सांगणं अवघड आहे. खोलीचा रंग मात्र हमखास बदलतो. जुना खरवडायला कुणालाच सवड नसते, म्हणून नवा त्याच्यावरच चढतो. एक थर जेमतेम कागदाच्या जाडीचा. पण त्या देशात सरकारं फार टिकत नसत, आणि दाराला चौकट एकच होती.

त्या सकाळी भाषणाचा सराव करायचा म्हणून नव्या मंत्र्यांनी आतून दार जोरात लोटून घेतलं. नवा पोपटी रंग अजून ओला होता. दार चौकटीत रुतलं ते रुतलंच.

"दाजी, ओढा!" बाहेरून मेहुणा ओरडला. तोच त्यांचा सचिव.

"ओढतोय की! मूठ हातात आली! तू ढकल!"

मंत्रिमंडळाची बैठक सुरू व्हायला आली होती आणि पंतप्रधानांनी आधीच बजावलं होतं: जो गैरहजर, तो घरी. खिडकीला गज होते. मेहुण्याने धावत जाऊन रंगारी मावशींना आणलं. त्या लोखंडी पट्टीने फट खरवडू लागल्या.

"हा पोपटी म्हणजे तुम्ही, साहेब. गेलात. हा गुलाबी नाटकवाल्या बाईंचा. हा करडा त्या कवींचा, स्वतःच्याच कवितेला डुलक्या घ्यायचे. हा जांभळा… अगंबाई, खाली पुन्हा जांभळा! हे पडले आणि परत निवडून आले, नाही का?"

"मावशी, इतिहास पुरे, हात चालवा!"

"हात चालतोयच. तोंड त्याच्या सोबतीला."

इतक्यात मेहुण्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचं तोंड एवढंसं झालं.

"दाजी, बैठक आटोपली. तुम्हाला काढलं. नवे मंत्री निघालेत इकडे."

"माझी खुर्ची गेली?"

"ते या खोलीत येऊन खुर्चीत बसले की गेली. तोवर नियमाने तुम्हीच मंत्री. आणि मी सचिव."

आत काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, बहुधा कपाट.

"मावशी," मंत्र्यांचा आवाज आता अगदी मधाळ होता, "किती राबता हो! जरा दम खा. आणि डब्यात थोडा पोपटी उरलाय का?"

"आहे की. पण वाळायला वेळ लागेल."

"लागू दे. जाड हात मारा."