तीनशे ऐंशी मीटर

ते वर्तुळ नकाशेवाल्याने स्वतःच्या हाताने काढलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्याची कीव यायला लागली की ते विसरायला होतं.

पालिकेला दरवर्षी शाश्वत विकासाचा अहवाल भरावा लागे. शहराने किती मजल मारली ते एकशे अकरा आकड्यांत वर कळवायचं. आकडा चढला की रकाना हिरवा, घसरला की लाल. त्यातला एक आकडा असा, की दवाखान्यापासून एक किलोमीटरच्या आत किती टक्के लोक राहतात. हे काम नकाशेवाल्याकडे. दवाखान्यावर टिंब द्यायचं, टिंबाभोवती वर्तुळ फिरवायचं आणि आत सापडेल तेवढी वस्ती मोजायची. कालव्याच्या अलीकडे नवा दवाखाना उघडला, तेव्हा त्याने इमानेइतबारे टिंब दिलं, वर्तुळ फिरवलं. वर्तुळाला पाण्याचं काय? कालवा ओलांडून पलीकडच्या बारा गल्ल्या त्याने गपकन पोटात घेतल्या. एकाहत्तरचा आकडा एका दुपारीत चौऱ्याण्णववर गेला. साहेबांनी अख्ख्या खोलीला चहा पाजला. नकाशेवाल्याने दोन कप घेतले.

त्या बारांतल्या चौथ्या गल्लीत त्याची ताई राहायची. आई गेल्यावर हिनेच त्याला न्हाऊमाखू घालून, प्रसंगी कान उपटून माणसात आणलं होतं. आता नवरा गेलेला, मूलबाळ नाही, साखरेचा आजार अंगात मुरलेला. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, ती काही केल्या भरत नव्हती. पण दर मंगळवारी फिरत्या दवाखान्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी यायची. गाडीतली नर्स जखम धुवायची, पट्टी बदलायची, गोळ्या द्यायची आणि अनवाणी हिंडल्याबद्दल दटावायची. ताई म्हणायची, सासू गेली म्हणून जरा सुटले होते, तर ही आली.

कालव्यावरचा पायपूल दोन वर्षांपूर्वीच खचला होता. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकलेले. अलीकडे यायचं तर सात किलोमीटरचा वळसा आणि दोन बस. ताईला गल्लीचं टोक गाठतानाच दोनदा टेकावं लागे.

एका सोमवारी नर्सचा फोन आला. ताईच्या कार्डावर याचाच नंबर होता. नर्स म्हणाली, उद्यापासून गाडी बंद. जी वस्ती दवाखान्याच्या कक्षेत आली तिथे गाडी पाठवायची नाही, असा कागद आलाय. तुम्ही पालिकेतच असता ना, हे कुणी ठरवलं ते जरा बघाल का? तो बघतो म्हणाला. बघायचं काय होतं? समोरच्या पडद्यावर त्याचं वर्तुळ हिरवंगार पसरलेलं होतं.

तो साहेबांकडे गेला. साहेब दुष्ट असते तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वर्तुळ कालव्याच्या काठाशी कापलं तर आकडा एक्याऐंशीवर येत होता. साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे ओढून एक्याऐंशी भरले. अहवालाच्या पोर्टलने ते घेतले नाहीत. आधीपेक्षा कमी आकडा भरायचा तर वरच्या समितीची मंजुरी लागते, आणि समिती वर्षातून एकदा बसते. यंदाची बसून उठली होती. शिवाय नियमावलीत अंतर सरळ रेषेतच मोजा, असं स्वच्छ लिहिलेलं.

"पूल पडला, हे एकशे अकरांत कुठे बसतं ते दाखव," साहेब म्हणाले. "आत्ता बसवतो."

दोघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत यादी वाचली. पूल किती बांधले याला रकाना होता. पडलेल्याला नव्हता.

खाली शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा होती. तिथे त्यांनी कालवा, पूल आणि बारा गल्ल्या कोंबून बसवल्या. चार दिवसांनी उत्तर आलं: आपल्या शेऱ्याची नोंद घेतली आहे.

मग नकाशेवाला दर मंगळवारी अर्धी रजा टाकून, दोन बस बदलून जाऊ लागला. पट्टी मात्र झकास बांधायचा, कडेला कड जुळवून. ताई म्हणायची, गटाराचा नकाशा काढतोयस का रे? हसायची. पण नर्स जखमेकडे बघून जे ओळखायची ते याला कुठून ओळखता येणार?

पुढे हा चौऱ्याण्णवचा आकडा बघायला बाहेरून पाहुणे यायचे ठरले. सलग दोन मंगळवार. साहेबांनी सांगितलं, नकाशा तुझा, तूच समजावून सांग. त्याने समजावला. छडी घेऊन, टिंबापासून सुरुवात करून. पाहुण्यांनी कालव्याबद्दल विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही. नोकरी होती. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली.

तिसऱ्या मंगळवारी दारातच वास आला. अंगठा काळा पडला होता. त्याने टॅक्सी करून तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, इतके दिवस काय करत होतात? घोट्यापासून काढावा लागेल, म्हणाले. पलंग रिकामा नव्हता. शुक्रवारची तारीख दिली.

गुरुवारी दुपारी तो पट्टी बदलायला गेला. ताई दारात खुर्ची टाकून बसली होती, पाय स्टुलावर. समोर कालवा, आणि पलीकडे नव्या दवाखान्याची गच्ची. कुणीतरी तिथे पांढऱ्या चादरी वाळत घालत होतं. चादरी मोजतासुद्धा आल्या असत्या.

"तो तुमचा नवा दवाखाना ना?" ताईने विचारलं. "इथून किती लांब असेल रे?"

त्याला मीटरपर्यंत ठाऊक होतं. "तीनशे ऐंशी मीटर."

ताईने डोळे बारीक करून चादरींकडे पाहिलं.

"मग जवळच आहे की," ती म्हणाली. "गाडी बंद केली त्यात त्यांचं तरी काय चुकलं?"

चिकटपट्टी तोडायला त्याने ती दातांत धरली होती. ती तोडायची सोडून तो तशीच धरून बसला.