गज वाजला पाहिजे

पद्माकरने पोलादी चकती बंदुकीच्या, लोखंडासारख्या रंगवलेल्या लाकडी नळीच्या तळाशी बसवली आणि वरून ठासणीचा लोखंडी गज सोडला. ठण्ण झालं. दोन चकत्या वाया गेल्यावर कुठे हा आवाज जमला होता. त्याला हायसं वाटलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. ड्रेस्डेनजवळच्या या गॅरेजात पंधरा वर्षं तो जुन्या ठासणीच्या बंदुका हुबेहूब घडवत होता, दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाया मैदानात पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींसाठी. नकला त्याने ढीगभर केल्या होत्या. फसवणूक ही पहिलीच.

बंदूक विलासची होती. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातला हा साताऱ्याचा इंजिनिअर अठरा वर्षं दर ऑक्टोबरात सॅक्सन शिपायाचा पांढरा कोट चढवून रांगेत उभा राहायचा, आणि त्या गोऱ्या मिशाळ गड्यांत तोच सगळ्यांत ताठ असायचा. दोन वर्षांपूर्वी स्नायूंच्या आजाराने त्याला गाठलं. साडेचार किलोची बंदूक पेलवेना. पद्माकरने दस्ता आतून पोखरला, मग आणखी पोखरला. फेराइनवाले, म्हणजे त्या हौशी मंडळाचे लोक, म्हणाले, लाकडी घेऊन ये, आम्हाला चालेल. विलास भडकला. लाकडी बंदूक पोरांना देतात, म्हणाला.

म्हणून गेल्या महिन्यात त्याची बायको सुरेखा एकटीच आली होती.

"लोखंडी नळी काढून लाकडाची बसवा. ह्यांना कळता कामा नये. बार काही उडवायचा नाहीये, हा ऑक्टोबर नुसते उभे राहिले की पुरे. पुढचा कुणी पाहिलाय?"

"वहिनी, रांगेत घेण्याआधी प्रत्येकाच्या नळीत गज सोडून बघतात. नळी रिकामी असेल तर ठण्ण वाजतो. लाकडात नाही वाजणार."

"मग वाजेल असं काहीतरी करा."

आज दोघं आली. सुरेखाने विलासला धरून खुर्चीत बसवलं. पद्माकरने बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली.

"एवढी हलकी कशी केलीस रे?"

"दस्ताच पोखरला अजून. आता काही उरलं नाही त्यात."

पद्माकरने नळी उभी धरली, विलासने गज सोडला. ठण्ण. सुरेखाने रोखलेला श्वास सोडला. विलासचा तळहात मात्र नळीवरच राहिला. हीटिंग अजून सुरू झालेलं नव्हतं, गॅरेज गारठलं होतं.

"गेनाऊ, अगदी बरोब्बर," तो म्हणाला. "सुरेखा, गाडी दारापर्यंत आणतेस का? पाय दमलेत."

ती लगबगीने गेली. तिला इतकं खूश पद्माकरने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"लोखंड गार लागतं, पद्माकर," विलास म्हणाला. "अठरा वर्षं गालाला लावलंय मी."

पद्माकरने गज पुसून बाजूला ठेवला.

"मला कळलं, हे तिला सांगू नकोस. महिनाभर घरात गाणं गुणगुणतेय ती."

"नाही सांगणार. पण उभे राहाल ना? आता दोन किलोसुद्धा नाही."

विलासने दोन्ही हातांनी बंदूक धरली. ती वीतभर वर आली, थरथरली आणि परत मांडीवर पडली. दुसऱ्यांदा तेवढीही उचलली नाही.

"हीसुद्धा जड आहे रे."

पद्माकरने अजून कुठून लाकूड काढता येईल याचा विचार केला. कुठूनच नाही. बाहेर गाडी थांबली आणि सुरेखा दारात आली.

"झेपतेय ना हो?"

"अगं, पीस आहे नुसतं."

"मग खांद्याला लावा बघू एकदा. आपल्या अन्वीला फोटो पाठवते, पोरगी खूश होईल." तिने पर्समधून फोन काढलाच होता.

विलास हलला नाही. पद्माकर पुढे झाला आणि त्याने बंदूक त्याच्या मांडीवरून उचलून घेतली.

"आत्ता नको वहिनी, दस्त्याचं तेल ओलं आहे अजून. ऑक्टोबरातच बघा एकदम."

तेल वाळून आठवडा झाला होता.