राख चोळलेलं बदक

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी बदक आहे. खोटं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

मला घडवलं पाणपक्ष्यांचं वेड असलेल्या एका सुताराने. दर हिवाळ्यात दूरदेशाहून तळ्यावर भुवई बदकं येत. नराच्या डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असते. माद्या मात्र सगळ्या मातकट. ओळखताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. पण एक मादी सुतार हमखास ओळखायचा. तिच्या डाव्या पायाला एक बोट कमी होतं. चिखलात ती लंगडत चाले, म्हणून तिचं नाव लंगडी. चार हिवाळे ती आल्याची नोंद त्याच्या वहीत होती.

ती जवळून दिसावी म्हणून त्याने मला केलं. पाण्यात कलंडू नये म्हणून पोटाखाली शिसं, डोळ्यावर भुवई. पहिल्या दिवशी एकही पक्षी फिरकला नाही, कारण माझा रंग चकाकत होता. मग त्याने मला राख चोळली. दुसऱ्या दिवशी लंगडी थेट माझ्या शेजारी उतरली. केवढा अभिमान वाटला मला!

ही गोष्ट त्याच्या मेहुण्याच्या कानावर गेली.

"दाजी, एक दिवस द्या की ते बदक. फोटो काढायचेत."

"ने की. पण राख चोळ हं, चकाकलं तर येत नाहीत."

मेहुण्याने मला राख चोळून तळ्यात सोडलं आणि स्वतः झुडपाआड दडला. सगळ्यात आधी लंगडीच उतरली, माझ्या भरवशावर. झुडपातून बंदुकीचा बार झाला. ती लगेच मेली नाही. एका पंखाने पाणी झोडपत माझ्याभोवती फिरत राहिली. मला जागचं हलताही आलं नाही.

मेहुण्याने सहा पक्षी बहिणीच्या ओट्यावर टाकले. "ताई, पाणी तापव, पिसं काढायचीत!"

सुताराने एक पाय उलटून पाहिला. "ही लंगडी आहे."

"आता सगळ्या सारख्याच, दाजी! अजून दहा लाकडी करून द्या."

"करतो," सुतार म्हणाला.

दहा केली. मला आणि त्यांना भडक लाल, चकचकीत रंग दिला आणि तळ्यात साखळीने बांधलं. थवे घिरट्या घालून पार पलीकडच्या काठाला जात. मेहुणा शिव्या घाली. सुतार दुर्बीण लावून बसे आणि वहीत लिही, 'लांब होती. ओळखू आली नाहीत.'

आता सुतार नाही. उन्हाने माझा लाल रंग उडतोय आणि खालची पांढरी भुवई पुन्हा दिसू लागली आहे. मेहुण्याची बंदूक मात्र अजून त्याच्या घरात आहे.

मित्रांनो, माझ्याकडे एखादं पाखरू उतरताना दिसलं, तर खुशाल मला दगड मारा. उडून जाऊ दे बिचारं.