बेसिनपाशी सापडलेला डॉक्टर

संसर्ग कसा पसरतो ते शोधायला आम्ही हॉस्पिटलात प्रत्येकाच्या कोटाला एक बिल्ला लावला. कोण कुठे फिरतं, हात धुवायला कधी जातं, सगळं मला संगणकावर दिसायचं. आठवड्याने बघते तर काय, आमचे हे, हाडांचे डॉक्टर, दिवसभर बेसिनला चिकटलेले!

मोठे साहेब खूश. म्हणाले, "याला म्हणतात स्वच्छता! सत्कारच करू."

घरी जेवायला बसताना ज्यांना रोज "आधी हात धुवा" म्हणून ओरडावं लागतं, ते हे? मी तडक वॉर्डात गेले. बेसिनशेजारच्या खुंटीवर बिल्ल्यासकट कोट लटकत होता.

"अहो, हे काय?"

"हात धुताना भिजतो गं. काढून ठेवतो, मग विसरतो."

सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. गुच्छ मात्र मी कोटाच्या खिशात खोवला.